69 भाग आणि एक थाप

ताई,

मी नाशिकचा, वय 38. कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. 2012 साली धाकट्या भावानं हॉस्टेलवरून हार्ड डिस्कमध्ये 'द वॉकिंग डेड' ही उठून चालणाऱ्या मढ्यांची अमेरिकी मालिका आणली आणि आम्ही दोघं तिच्या नादी लागलो. रविवारी रात्री आई-बाबा झोपले की आवाज कमी करून, चिवड्याचा डबा मध्ये ठेवून बघायचो. भाऊ 2016 च्या ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला गेला, आता अटलांटात नोकरीला आहे. मी पुढे एकटा पाहत राहिलो, पण मन लागेना. आठव्या सीझनमध्ये नायकाचा मुलगा कार्ल गेला, त्यानंतर एकही भाग पाहिलेला नाही. भावाला मात्र हे कधी बोललो नाही. रविवारच्या फोनवर तो मालिकेबद्दल भरभरून बोलायचा, मी नेटवर गोष्ट वाचून ठेवायचो आणि हो ला हो करायचो. शेवटचा भाग झाला तेव्हा त्यानं विचारलं, "दादा, रडलास ना?" मी म्हटलं, "हो रे."

आता ऑक्टोबरमध्ये मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी त्याच्याकडे जातोय. मालिकेचं शूटिंग झालं त्या गावासाठी त्यानं एक अख्खा दिवस राखून ठेवलाय. मला धडकी भरली आहे. दोन महिन्यांत राहिलेले भाग उरकून टाकू का? दोनदा लावून बघितलं, दहा मिनिटांत झोप लागली. इतकी आवडती गोष्ट अशी मनातून उतरते म्हणजे माझ्यातच काही बिघडलंय का? बायको म्हणते, हा काय कुणाला विचारायचा प्रश्न आहे?

– अर्ध्यात उतरलेला, नाशिक

*

अर्ध्यात उतरलेले भाऊ,

तुमच्या बायकोला सांगा, विचारायचाच प्रश्न आहे. मला येणाऱ्या पत्रांत सासवा असतात, वाटण्या असतात, लग्न जमत नसलेले भाचे असतात. चालत्या मढ्यांवरून आलेलं हे पहिलंच पत्र, आणि ते नेमकं माझ्याकडे यावं याची मला गंमत वाटली. कारण मी ही मालिका अख्खी पाहिली आहे. 177 च्या 177 भाग.

त्याचं असं झालं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलगा घरी येऊन अडकला. संध्याकाळी तो लॅपटॉप टीव्हीला जोडून काहीबाही लावायचा आणि मी तिथेच बसून भाजी निवडायची. 'मढ्यांची मालिका' म्हणून मी नाक मुरडलं होतं. पहिल्याच भागात मॉर्गन नावाचा एक माणूस वरच्या मजल्यावर खिडकीशी बंदूक घेऊन बसतो. खाली रस्त्यावर मढ्यांच्या घोळक्यात त्याची बायको फिरते आहे. तिला गोळी घालून एकदाचं सोडवायचं त्यानं ठरवलंय. नेम धरतो, पुन्हा धरतो, पण काही केल्या चाप ओढवत नाही त्याच्यानं. माझ्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच विचारलं, "लावतोस ना रे?"

(ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं. पत्रलेखकांनी गोष्ट वाचून ठेवलेली असल्यामुळे मी काही हातचं राखून लिहिणार नाही.)

आधी तुमचा हिशेब करू. कार्ल जातो आठव्या सीझनच्या नवव्या भागात. तिथवर 108 भाग होतात, म्हणजे उरले 69. एकेक भाग पाऊण तासाच्या आसपास धरला तर हे पन्नास तासांचं काम झालं. रोज एक पाहिला तरी दोन महिन्यांत पुरे होणार नाहीत, आणि तुम्हाला शिफ्ट आहे, मुलगी आहे, परदेशप्रवासाची तयारी आहे. तरी समजा, रात्री जागून केलेत. शब्द तुमचाच आहे, 'उरकून टाकू'. भांडी उरकतात, बँकेची कामं उरकतात. अशानं गोष्ट तेवढी कळेल, पण ती तर तुम्हाला आताही ठाऊक आहे. गाडी चालवता चालवता भाऊ वळून म्हणेल, "दादा, तो धुक्यातला प्रसंग आठवतो?" त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे उमटायला हवं ते अशा घोकंपट्टीनं उमटत नाही. तेव्हा उरकू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

बिघाडाचंही चटकन सांगून टाकते. जेवणखाण, क्रिकेट, मित्र, मुलीबरोबरचा खेळ या सगळ्यावरूनच मन उडालं असेल आणि बरेच आठवडे तसंच चाललं असेल, तर ही मालिका बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा, ते माझ्या आवाक्यातलं काम नाही. पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. शिफ्ट करून आलेल्या माणसाला मढ्यांचं गुरगुरणं ऐकता ऐकता डुलकी लागली, तर त्यात बिघाड कसला?

आता मालिकेकडे वळू. तुमच्या मनातून ती उतरली यात तिचाही हात आहे, आणि तो लहानसहान नाही.

ही मालिका ज्यावर बेतली ते कॉमिक रॉबर्ट कर्कमननं 2003 मध्ये सुरू केलं तेव्हा त्याच्या डोक्यात एक साधी कल्पना होती. झोंबींचे, म्हणजे चालत्या मढ्यांचे, सिनेमे दोन तासांत आटपतात, उरलेली चार माणसं कुठेतरी निघून जातात आणि पडद्यावर नावं येतात. त्या चार माणसांचं दुसऱ्या दिवशी काय झालं? आणि तिसऱ्या दिवशी? न संपणारा झोंबीपट, अशी ती कल्पना. कागदावर छान वाटते, पण तिच्यातच थकवा भरलेला आहे. कारण रोग बरा होणार नाही हे पहिल्यापासून पक्कं. पहिल्या सीझनच्या शेवटी एक शास्त्रज्ञ नायकाच्या, रिकच्या, कानात काहीतरी सांगतो, आणि दुसऱ्याच्या शेवटी आपल्याला कळतं की सगळ्यांनाच लागण झालेली आहे. चावा बसो न बसो, जो मरेल तो उठेल. म्हणजे औषध नाही, सुटका नाही. मग गोष्ट जाणार कुठे? ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. हर्शेल नावाच्या शेतकऱ्याचं शेत मिळालं, जळालं. तुरुंग मिळाला, गेला. टर्मिनस नावाचा आसरा मिळाला, तिथे माणसं खाणारी माणसं निघाली. मग अलेक्झांड्रिया नावाची वस्ती, मग नीगन नावाचा गुंड. कुंपण घालायचं, जरा श्वास घ्यायचा, शेजारी कोणीतरी क्रूर माणूस उगवायचा, लढाई, कुंपण पडलं, पुन्हा रस्ता. ये रे माझ्या मागल्या. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत पाणी घालून आमटी वाढवतात तसं इथे रक्त घालून वाढवत गेले, असं मी एकदा मुलाला म्हटलं तर तो जाम हसला होता.

तरी लोक टिकून होते, कारण माणसांची जात त्या मालिकेनं फार बारकाईनं पाहिली होती. दुसऱ्या सीझनमध्ये रिकच्या टोळीतल्या कॅरलची मुलगी सोफिया हरवते. निम्मा सीझन सगळे जंगलात तिला शोधत हिंडतात. तेव्हा पुष्कळांनी कंटाळा केला, की हे काय, एक मुलगी सापडेना. आणि मग सातव्या भागात कोठाराचं दार उघडतं, आतली मढी एकेक करून बाहेर येतात, त्यांना गोळ्या घातल्या जातात, आणि सगळ्यात शेवटी ती पोर बाहेर येते. इतका वेळ कशासाठी घेतला होता ते त्या मिनिटात कळतं. चौथ्या सीझनमध्ये तीच कॅरल एका लहान मुलीला फुलांकडे बघायला सांगते, तो भाग पाहून मी रात्री नीट झोपले नव्हते. (त्या भागाबद्दल एवढंच बोलते. आई झालेल्या बाईला त्याहून जास्त बोलवत नाही.)

म्हणजे करार असा होता: मालिका माणसं मारणार, पण प्रत्येक मरणाची किंमत देणार. तो करार मालिकेनंच मोडला, आणि कधी मोडला हेही सांगता येतं. सहाव्या सीझनमध्ये रिकचा जुना साथी ग्लेन कचऱ्याच्या पेटीवरून मढ्यांच्या गर्दीत पडला. आतडी बाहेर ओढलेली दिसली. सुरुवातीच्या नावांतून नटाचं नावसुद्धा काढून टाकलं. लोकांनी सुतक पाळलं आणि चार आठवड्यांनी कळलं की आतडी दुसऱ्याची होती आणि ग्लेन पेटीखाली सरकून वाचला. प्रेक्षकाला असं एकदा बनवलंत की पुढच्या खऱ्या मरणालाही तो आधी खिसा चाचपून बघतो. त्याच सीझनच्या शेवटी, 3 एप्रिल 2016 ला, नीगन सगळ्यांना गुडघ्यावर बसवतो, बॅट उगारतो, बॅट थेट आपल्या तोंडावर येते आणि पडदा काळा. मेलं कोण, ते कळायला 23 ऑक्टोबर उजाडावा लागला. त्या दिवशी अमेरिकेत 1 कोटी 70 लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. ग्लेन आणि टोळीतलाच एब्राहम दोघंही गेले, आणि ज्या रीतीनं गेले ती पाहून पुष्कळांना किळस आली. पुढच्या आठवड्यात आकडा सव्वा कोटीच्या खाली होता. ते लोक परत आले नाहीत. 20 नोव्हेंबर 2022 ला मालिका संपली तेव्हाचा शेवटचा भाग प्रक्षेपणाच्या दिवशी टीव्हीवर सुमारे 23 लाखांनी पाहिला. तोवर बरेचसे प्रेक्षक ओटीटीवर सरकले होते हे खरं, पण सगळे काही तिकडे गेले नव्हते.

आणि कार्ल. कॉमिकमध्ये कार्ल मरत नाही. शेवटच्या अंकात तो मोठा झालेला आहे, त्याला स्वतःची लहान मुलगी आहे. सगळी गोष्ट त्यासाठीच होती ना? पोराला या नरकातून हाताला धरून पलीकडे न्यायचं, म्हणून तर रिक एवढं सगळं करत होता. मालिकेनं ते पोरच काढून घेतलं. तुम्ही तिथे उतरलात. नेमकं स्टेशन निवडलंत असं मी म्हणेन. तुमची मुलगी त्या सुमाराला झाली नव्हती, नाहीतर तुम्ही तो भाग पुरासुद्धा केला नसतात.

आणखी गंमत ऐका. ही मालिका ज्यानं उभी केली तो फ्रँक डॅराबाँट दुसऱ्या सीझनच्या कामातच, 2011 मध्ये, काढला गेला. मग वर्षानुवर्षं कोर्टकज्जे, आणि शेवटी 2021 मध्ये 20 कोटी डॉलरवर तडजोड. नायकाचं काम करणारा अँड्र्यू लिंकन नवव्या सीझनच्या पाचव्या भागात निघून गेला. मुलाबाळांत वेळ घालवायचा होता म्हणून, इंग्लंडला, घरी. आणि न संपणारी गोष्ट काढणाऱ्या कर्कमननं 2019 च्या जुलैमध्ये 193 व्या अंकात कॉमिक आटोपलं, तेही कुणाला न सांगता. पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठंसुद्धा आधी जाहीर करून ठेवली होती, लोकांना सुगावा लागू नये म्हणून. थापा मारण्यात तो तुमच्या वरताण निघाला. तेव्हा रिक घरी गेला, कर्कमननं दुकान आवरलं आणि दीड कोटी माणसं उठून गेली, त्यात नाशिकचा एक. कोणाची क्षमा मागायची ती?

इथे मी पत्र संपवलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दोन तारखांवर अडकले. बॅट खाली आली तो एप्रिल 2016. कोण मेलं ते कळलं तो ऑक्टोबर 2016. आणि भाऊ विमानात बसला तो ऑगस्ट 2016. म्हणजे प्रश्न तुम्ही दोघांनी एका गादीवर बसून ऐकलात, मधले चार महिने 'ग्लेन असेल', 'छे, एब्राहम' असं भांडलात, बॅगा भरतानाही भांडला असाल, आणि उत्तर आलं तेव्हा तो तिकडे आणि तुम्ही इकडे. तो भाग तुम्ही कोणाबरोबर पाहिलात हे पत्रात नाही. एकट्यानं पाहिला असणार. रात्री, कमी आवाजात, आणि डबा होता का हो मध्ये?

मालिका तेव्हाच बिघडली हे खरं, आणि तुमचा रविवार तेव्हाच मोडला हेही खरं. कशाचं किती ते मला काढता येणार नाही, तुम्हालाही येणार नाही. पण समजा मालिका अजिबात बिघडली नसती, अगदी सोफियाच्या वेळेइतकी चांगली राहिली असती, तरी तिशीतला माणूस, घरात तान्हं मूल, उशाशी सकाळच्या शिफ्टचा गजर आणि शेजारची जागा रिकामी, असा तो आणखी शंभर भाग बघत बसला असता असं मला वाटत नाही. तुम्हाला आवडायचं ते नेमकं काय होतं याचा विचार करून बघा. मी उत्तर सुचवत नाही. म्हणजे सुचवलंच आहे म्हणा.

थापेचं कसं झालं तेही दिसतं. दोघे भाऊ फोनवर काय बोलतात? जेवलास का, पाऊस आहे का, आईची बीपीची गोळी चालू आहे ना. तीन मिनिटांत विषय संपतो. बायका तासभर बोलू शकतात, पुरुषांना मध्ये ठेवायला काहीतरी लागतं, कॅरमबोर्ड नाहीतर क्रिकेट. तुम्हाला मढी होती. ती काढून घेतली असती तर रविवार तीन मिनिटांचा झाला असता. म्हणून तुम्ही दर आठवड्याला गोष्ट वाचून तयार राहिलात. 69 भागांची टिपणं पाठ करणं हे काय थोडं काम झालं? आळशी माणूस इतकी मेहनत घेत नाही.

तरीही सांगून टाका. जाण्याआधी सांगा, आणि ते का, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण या गोष्टीत मी तुमच्या भावाच्या जागी होते.

लॉकडाऊन उठलं, मुलगा बंगळुरूला परत गेला. मी मात्र सुटले नाही. मी इकडे पाहायची, तो तिकडे, आणि फोनवर बोलणं. दहावा सीझन तर टाळेबंदीतच अडकला होता, त्याचा शेवटचा भाग एप्रिलचा ऑक्टोबरमध्ये आला, मग पुढच्या वर्षी आणखी सहा भाग जोडले. तेव्हाही आम्ही दोघं बोलत होतो. अकरावा आला, मी त्यातल्या डॅरिलबद्दल, प्रिन्सेसबद्दल, रोझिटाबद्दल काय काय बोलायची. तो "हो ना", "भारी होतं ते" म्हणायचा. शेवटचा भाग पाहून मी डोळे पुसत फोन केला, "रोझिटाचं बघितलंस? पोरीला सुखरूप पोचवलं आणि मग कुणाला न सांगता..." पलीकडून एक क्षण काही आलं नाही. मग म्हणतो, "आई, रोझिटा म्हणजे ती केस बांधलेली?"

त्यानं सीझनभर आधीच सोडली होती.

त्यानं सोडली याचं मला तसूभरही वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही मधल्या कितीतरी भागांत डुलक्या लागल्या होत्या. वाईट याचं वाटलं की मी इतके महिने कुणाशी बोलत होते? एकेक गोष्ट मी त्याला आठवणीनं सांगत होते आणि पलीकडे कोणी नव्हतं. दोन रविवार मी फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी त्याचाच आला. म्हणाला, "तू सांगतेस ना, तेव्हा बघायची गरजच वाटत नाही. तू सांग." आता मी त्याला कधीमधी गोष्टी सांगते आणि तो न पाहता ऐकतो. हे आधीच ठरलं असतं तर रडारड वाचली असती. तो माझा लेक, म्हणून दोन रविवारांत मिटलं. तुम्ही भावाला त्या गावातल्या रस्त्यात, मुलीच्या आणि बायकोच्या देखत सापडलात तर त्यानं राखून ठेवलेल्या त्या अख्ख्या दिवसाचं काय होईल? त्याला बिचाऱ्याला रागावताही येणार नाही. पाहुणे ना तुम्ही.

म्हणून येत्या रविवारीच बोला. प्रस्तावना लांबवू नका, मालिकेची उणीदुणी तर मुळीच काढू नका. वर मी एवढं पुराण लावलं ते तुमच्या मनाच्या समाधानासाठी, त्याला ऐकवायला नव्हे. त्याला ती आवडली आहे, त्यात त्याची परक्या देशातली पहिली वर्षं गेली आहेत. नवा देश, खोलीत दोन परके रूममेट, थंडी, आणि रविवारी दादाला फोन. त्याला सांगायचं तर एवढंच पुरे: "अरे, कार्ल गेल्यावर मी बघायची सोडली. तुझा फोन चुकू नये म्हणून वाचून बोलायचो. शेवटच्या भागाला रडलो नव्हतो, तू विचारलंस म्हणून हो म्हटलं." मग तो हसेल, नाहीतर चिडेल. चिडला तर ऐकून घ्या, मोठेपणा दाखवायला जाऊ नका. आणि मग विचारा, "तू का रडलास?" इतक्या वर्षांत तुम्ही त्याला हे विचारलेलं नाही. विचारणार कसं? तुम्ही रडला होता ना. कदाचित तो रोझिटाचं सांगेल. कदाचित त्या काळात त्याच्या नोकरीचं काही चाललं होतं, ते निघेल. मला काय ठाऊक? पण फोन तीन मिनिटांत संपणार नाही.

अशीही एक शक्यता आहे की तो म्हणेल, "मग मी पण कोणासाठी बघत होतो?" तसं झालं तर मला जरूर कळवा. फार अपेक्षा ठेवून जाऊ नका एवढंच. नवव्या सीझनपासून अँजेला कँग या बाईंनी सूत्रं हाती घेतली आणि मालिका पुष्कळ सावरली. गोष्टीत सहा वर्षांची उडी, मढ्यांची कातडी पांघरून कुजबुजत चालणारी माणसं, ते धुकं. तो खरंच आवडीनं बघत असेल. तुम्ही सुधारणेच्या दोन पावलं आधी उतरलात, हे एकदा सांगायला हवं होतं. पण म्हणून परत चढा असं मी म्हणत नाही.

आता ऑक्टोबर. जायचं ते गाव सेनोया असणार, अटलांटाच्या दक्षिणेला गाडीनं तासाभरावर. तिसऱ्या सीझनमधलं गव्हर्नर नावाच्या खलनायकाचं वुडबरी गाव म्हणजे तिथला मुख्य रस्ता. तो भाग तुम्ही भावाबरोबर पाहिलेला आहे, तिथे तुम्हाला काहीही पाठ करून जावं लागणार नाही. अलेक्झांड्रियाची घरं खरीखुरी आहेत, शूटिंग चालू असतानाही त्यांतल्या काहींत माणसं राहत होती, तेव्हा दुसऱ्यांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. डॅरिल झालेला नॉर्मन रीडस आणि मढ्यांचा मेकअप करणारा ग्रेग निकोटेरो या दोघांनी मिळून त्या गावात एक हॉटेल काढलं. चालू असेल तर जेवण तिथे घ्या. मुलीला 'इथे सिनेमाचं शूटिंग झालं' एवढंच सांगा. भाऊ तिला उत्साहानं फोनवर मढी दाखवायला लागेल, त्याला आधीच दटावून ठेवा. सहा वर्षांच्या पोरीला रात्री झोपवायचं काम त्याच्याकडे नसतं.

अटलांटा शहरात जॅक्सन स्ट्रीटचा पूल आहे. रिक घोड्यावर बसून शहरात शिरतो, बाहेर जाणाऱ्या लेनमध्ये गाड्यांची रांग अडकून पडलेली आणि आत जाणारी बाजू सगळी रिकामी, ते चित्र तिथून दिसणाऱ्या रस्त्याचं आहे. पहिलाच भाग तो. आदल्या रात्री मुलगी झोपली की दोघं बसा आणि तो एकच भाग लावा, मॉर्गनच्या खिडकीचा. आवाज कमी ठेवावा लागेलच. दुसरा लावायचा मोह झाला तर लावा, नाही झाला तर झोपा.

चिवडा न्या. डब्यात नको, सीलबंद पाकिटं न्या, एखादं जास्तच. आणि तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅगेत खाण्याचं सामान आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा. तिथे थाप मारू नका.

– तुमची ताई